पिटगार्वींचं घर कुणाच्या नावे

मी, गिल्बर्ट पिटगार्वी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा दगडावर अक्षरे कोरण्याचा, राहणार सीटाउन, व्हिनीहेवन, बॅन्फशायर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही, लाडीगोडी लावलेली नाही, दारू पाजलेली नाही. टेबलावर चहा आहे आणि तोही गार झालेला आहे.

मतदारयादीत माझ्या नावापुढे कंसात 'बोका' असं छापलेलं आहे, म्हणून इथेही तसंच लिहितो. परगावच्या वकिलांना हसू येतं, पण आमच्या गावात आडनावं चारच. त्यातली निम्मी घरं पिटगार्वी. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, ही शिस्त कोणी मोडायची नाही. माझ्या लहानपणी आमच्या एकाच गल्लीत जेम्स पिटगार्वी इतके होते की 'जेम्स' अशी हाक मारली की अर्धी गल्ली दारात यायची. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव. राजे, चिंबोरे, ढोलके आणि आम्ही बोके. माझ्या पणजोबांनी पाद्र्याच्या स्वयंपाकघरातली साय रविवारी, प्रार्थना चालू असताना, बोटाने चाटली होती. तेव्हापासून आम्ही सगळे बोके. लेकीसुना, नातवंडं, सगळी.

हे मृत्युपत्र मी यापूर्वी दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा घराच्या कलमापाशी अडलो. इतर गोष्टी कुणाला द्यायच्या ते मला केव्हाचंच ठाऊक आहे. घराचं कळत नव्हतं. माझ्या वडिलांनी मरताना मला सांगितलं होतं, हे घर पिटगार्वीलाच जायला हवं. आणि या गावात आता मी सोडून पिटगार्वी उरलेला नाही.

वकील फॉर्डाइसबाई म्हणाल्या, "गिल्बर्ट, वडिलांची अट कुठे लिहिलेली नाही. कायद्याने तुम्ही मोकळे आहात."

म्हटलं, "कायद्याने मोकळा असेन हो. पण बापाला काय सांगू?"

त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आधी बाकीची कलमं लिहून काढा."

तर आधी बाकीची कलमं.

कलम पहिले. माझं प्रेत आणि दगड. मला बेथियाशेजारी पुरावं. दगड तयार आहे, मीच घडवलेला आहे, खाली जागा सोडलेली आहे. त्यावर 'बेथिया मेअर, गिल्बर्ट पिटगार्वी याची प्रिय पत्नी' असं आहे. त्यातलं मेअर कोणी बदलू नये. हे मुद्दाम लिहितो, कारण कॅनडाचा ड्वेन पिटगार्वी पहिल्यांदा आला तेव्हा दगडापुढे उभा राहून हळूच म्हणाला होता, "काका, काकूंचं आडनाव चुकलंय वाटतं."

"चुकलेलं नाही. मी कोरलंय."

"पण लग्नानंतर..."

"अरे, लग्न केलं मी तिच्याशी. दत्तक नव्हतं घेतलं."

आमच्याकडे बाई मरते ती बापाच्या आडनावाने. जिवंतपणी पोस्टमन तिला काहीही म्हणो. बेथिया तर जिवंतपणीही मेअरच होती. पीठ मळताना, भांडताना, पत्त्यांत मला हरवताना. तिला जाऊन आठ वर्षं झाली. अजून सकाळी केटली भरताना मी दोन कपांचं पाणी भरतो आणि मग थोडं ओतून टाकतो.

कलम दुसरे. हत्यारे. सगळ्या छिन्न्या, सफरचंदाच्या लाकडाचा हातोडा, वडिलांची मोजपट्टी, धार लावायचा दगड आणि अंगणातली शेड ही सगळी दाइगा झ्विर्बुले हिला द्यावी. यात वाद नको. दाइगा लाटव्हियाची. मासळीच्या कारखान्यात हॅडक सोलायला आली, त्याला आता पंधरा वर्षं होतील. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली भिंतीला टेकून सिगारेट ओढायच्या, ही आमच्या कबरस्तानात येऊन दगडांवरच्या अक्षरांतून बोट फिरवत बसायची. मी एकदा ओरडलो, "काय हवंय बाई?"

ती म्हणाली, "हे आर अक्षर कसं वळवलंत? इथे दगड तुटायला हवा होता."

पन्नास वर्षं मी अक्षरं कोरतोय. लोक येतात, रडतात, स्पेलिंग तपासतात, निघून जातात. आर कसा वळवला हे कोणी विचारलेलं नव्हतं. मी तिला शेडमध्ये नेलं आणि छिन्नी हातात दिली. पहिल्या दिवशी तिने अंगठा फोडून घेतला आणि मला तिच्या भाषेत शिव्या घातल्या. अर्थ मी विचारला नाही, सूर ओळखीचा होता.

नंतर कधीतरी तिने सांगितलं की तिच्या आजीला सैबेरियात नेलं होतं. परत आली नाही. कबर कुठे, कुणाला ठाऊक नाही. नाव कुठे लिहिलेलं नाही. मी तिला गुलाबी ग्रॅनाइटचा एक तुकडा दिला आणि म्हटलं, कोर. तो दगड मागच्या अंगणात शेडच्या भिंतीला टेकून आहे. माझ्या हयातीत या गावात कोरलं गेलेलं सगळ्यांत चांगलं अक्षर त्यावर आहे, माझी धरून.

बेथिया आजारी पडली तेव्हा दाइगा आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. 'थोडे दिवस' असं ठरलं होतं. बेथियाला उठवणं, बसवणं, केस विंचरणं तिने केलं. बेथिया तिला म्हणायची, "तू माशांना इतक्या कोरडेपणाने सोलतेस, मला मात्र सांभाळून गं बाई." ती दोघींची हसायची गोष्ट होती. मला तेव्हा हसू यायचं नाही. आता येतं.

कलम तिसरे. नकाशा. शेडच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा, त्यावरचे तांब्याचे खिळे आणि कपाटातली सगळी पत्रं ड्वेन पिटगार्वी, राहणार ऑन्टारिओ, याला द्यावीत. जगात या आडनावावर त्याच्याइतकं प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. तो पट्टेरी कापडाची टोपी घालून येतो, ते पट्टे कोणत्या कुळाचे ते त्यालाही माहीत नाही, आणि तो कुणालाही मिठी मारतो. पण मनाचा चांगला आहे.

खिळ्यांची हकीकत ड्वेनसाठी लिहून ठेवतो. पिटगार्वी हे मुळात माणसाचं नाव नव्हे, जागेचं. इथून आत, माळावर, एका ओढ्याकाठी ते शेत होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडील मला चालत घेऊन गेले. रस्ता संपला, मग पायवाट संपली, मग नुसतं गवत. तिथे एका घराची एकच भिंत उभी होती. आजूबाजूला खाजकुयली माजलेली आणि जिथे दार असेल तिथे एक रोवनचं झाड. आमच्याकडे चेटकीण आत येऊ नये म्हणून दारात रोवन लावतात.

"चेटकिणी आल्या नाहीत," वडील म्हणाले. "मेंढ्या आल्या."

जहागीरदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून त्याने कुळांना उठवलं. आमच्या लोकांकडे कागद नव्हता. त्यांनी चूल विझवली आणि चालत समुद्राकडे आले. तोवर त्यांनी होडी पाहिलेली नव्हती. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यांना विचारलं, कुठले? ते म्हणाले, पिटगार्वीचे. म्हणून ते पिटगार्वी झाले. जागा गेली आणि तिचं नाव यांच्या अंगाला चिकटून राहिलं. असं माझे वडील सांगत. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं. इतिहासाच्या प्राध्यापकांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐकू नये.

जिथे पिटगार्वी, तिथे खिळा. पहिला त्या माळावर आहे. मग व्हिनीहेवन. इथे इतके खिळे आहेत की गावाचं नाव वाचता येत नाही. मग हेरिंग माशामागोमाग नाव किनाऱ्याने फिरलं. वर लेरविक, खाली यारमथ, लोस्टॉफ्ट. बोटींवर पुरुष, आणि मासे साफ करायला बायका आगगाडीने. माझी आई बोटांना चिंध्या गुंडाळून, डब्यात उभ्याने मोजे विणत जायची, आणि परत येताना सगळ्यांसाठी यारमथचे चिनीमातीचे कुत्रे आणायची. मासे कमी झाले तसे लोक लांब जायला लागले. ऑन्टारिओत तळ्याकाठी एक झुबका आहे. न्यूझीलंडमध्ये डनीडिनला दुसरा. तिथे माझा भाऊ सायमन गेला आणि तिथेच राहिला. फॉकलंड बेटांवर दोन मेंढपाळ; त्यांनी पुन्हा मेंढ्याच पाळाव्यात याची वडिलांना फार चीड होती. कलकत्त्याच्या ताग गिरणीत एक. मुंबईच्या गोदीत आगबोटीचा एक इंजिनिअर, तापाने गेला. त्याचा खिळा मी गोदीत ठोकला की समुद्रात, यावर बेथियाने माझ्याशी एक अख्खी संध्याकाळ वाद घातला होता.

कोणी मेलं तरी मी खिळा काढत नसे. मागच्या हिवाळ्यात वाटलं, नकाशा खरा असायला हवा, म्हणून गावातले खिळे काढायला बसलो. एकेक खिळा काढताना घर आठवत होतं. कुणाच्या दारात धुरावलेल्या माशांची काठी, कुणाच्या खिडकीत ओटाची भाकरी गार होत ठेवलेली, शनिवारी संध्याकाळी सगळ्या उंबरठ्यांवर खडूची नक्षी. शेवटी गावात एकच खिळा राहिला. ते बघून मला इतकं एकटं वाटलं की मी सगळे परत ठोकले. ड्वेन, ते तसेच राहू देत. नकाशा खोटा आहे, पण तसाच ने.

कलम चौथे. चर्चच्या कमिटीला काही नाही. कारण नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला प्रश्न पडायला नको.

मी वडिलांच्या हाताखाली नवा होतो त्या शरद ऋतूत आमच्या गावची एक बोट यारमथहून परतताना बुडाली. तिकडच्या इंग्रज कारकुनाने तार केली, त्यात खलाशांची नावं होती. एक नाव जॉन पिटगार्वी. टोपणनाव नाही. इंग्रजाला काय कळणार! त्या बोटीवर जॉन चिंबोरा असायचा, हे गावाला ठाऊक. जॉन ढोलका दुसऱ्या बोटीवर, आणि ती बोट दुरुस्तीसाठी लोस्टॉफ्टला अडकलेली. मग चिंबोऱ्यांच्या घरी पडदे ओढले गेले. प्रेत मिळालं नव्हतं. जॉनची म्हातारी आई म्हणाली, निदान दगडावर तरी नाव येऊ दे. वडिलांनी कोरलं, 'जॉन, समुद्रात बुडाला'.

नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी जॉन चिंबोरा स्टेशनवर उतरला. गाल सुजलेला, हातात बायकोसाठी टोपी. त्याची दाढ सुजली होती म्हणून त्याने ढोलक्याशी जागा बदलली होती. पत्र लिहायचा त्याला कंटाळा. त्या एकाच दुपारी एका घराचे पडदे उघडले आणि दुसऱ्या घराचे बंद झाले. इतकी वर्षं झाली, पण त्या दुपारची गल्ली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हसणारी बाई आणि किंचाळणारी बाई, मध्ये फक्त चार दारं.

ढोलक्याची बायको वडिलांकडे आली. रडत नव्हती. म्हणाली, "माझ्या जॉनचं नाव कोरा. आणि पुढे ढोलका असं लिहा. नसेल लिहायचं तर कोरूच नका. नुसता जॉन पिटगार्वी कोण, ते देवालाही कळायचं नाही."

कमिटी म्हणाली, पवित्र जागेत टोपणनावं चालणार नाहीत. वडिलांनी कोरलं. कमिटीने त्यांना बोलावून जाब विचारला. वडील म्हणाले, "एकदा नुसत्या आडनावावर विश्वास ठेवला आणि जिवंत माणसाला पुरलं. आता नाही." चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या मंडळातून त्यांचं नाव काढून टाकण्यात आलं. ते पुन्हा कधी चर्चच्या आत गेले नाहीत. रविवारी बाहेर भिंतीवर बसून भजनं ऐकायचे आणि बसल्या बसल्या गायचे, आतल्यांपेक्षा मोठ्याने.

जॉन चिंबोऱ्याने मात्र स्वतःचं नाव पुसू दिलं नाही. दर रविवारी येऊन बघायचा. म्हणायचा, "काम छान झालंय. घाई काय आहे?" तो म्हातारा होऊन, आपल्या पलंगावर, पाय गरम विटेवर ठेवून मेला. मी साल बदललं आणि 'समुद्रात बुडाला' हे चुन्याने बुजवलं. पाऊस पडला की अजून दिसतं.

कलम पाचवे. किरकोळ. बँकेत जे आहे त्यातून माझा दफनखर्च भागवून बाकीचं गावच्या जीवरक्षक नौकेला द्यावं. आईचे चिनीमातीचे कुत्रे सायमनच्या मुलींना. पॅकिंग नीट करावं, एकाचा कान आधीच तुटलेला आहे. माझी शिडी शेजारच्या वॉटी ढोलक्याला; तो आईकडून ढोलका, आडनावाने मेअर. ती गेली दहा वर्षं त्याच्याचकडे आहे, तेव्हा पोचवण्याचा खर्च नाही.

कलम सहावे. घर.

आता टाळता येत नाही.

वडील मरत होते तेव्हा खिडकी उघडी ठेवायला सांगत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताची पकड तेव्हाही छिन्नी धरल्यासारखी होती. म्हणाले, "गिब, एकदा घर गेलं आपलं आणि नुसतं नाव राहिलं. पुन्हा जाऊ देऊ नकोस. या दारात नेहमी आपलं माणूस असू दे. पिटगार्वी असू दे."

मी हो म्हटलं. मला वाटलं, मुलं होतीलच. झाली नाहीत. बेथियाला याचं माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं, पण ती बोलायची नाही, पाव भाजायची. आमच्या घरात फार पाव भाजले गेले.

ड्वेनने मागच्या वर्षी विचारलं. चांगल्या तऱ्हेने विचारलं. त्याला इथे 'पिटगार्वी स्मृतिघर' करायचं आहे. भिंतीवर नकाशा, जुन्या जाळ्या, दरवर्षी जगभरच्या पिटगार्वींचा मेळावा. तो म्हणाला, "काका, विचार करा. हे घर असलं तर आपल्या सगळ्यांना परत यायला जागा राहील." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं. त्याच्याकडे नाव आहे. वडिलांचे शब्द अक्षरशः पाळायचे तर घर त्याचं.

आणि दाइगाकडे नाव नाही. घर गेलं तर तिला जागाही नाही. सरकारने या वर्षी तिच्याकडून पुन्हा कागद मागितले, इथे राहायचा तुम्हाला हक्क काय म्हणून. ती टेबलावर कागद पसरून बसली होती. मी म्हटलं, "मी सांगतो ना त्यांना."

"काय सांगणार, मिस्त्री? की ही माझी कोण?"

 भाडेकरू म्हणावं तर भाडं ती पहिल्या महिन्यानंतर देत नाही, मी घेत नाही. मुलगी म्हणावं तर तिला स्वतःचा बाप होता, त्याच्याविषयी ती चांगलं बोलते. तिने कागदाची घडी घातली आणि सूप गरम करायला उठली.

मी महिनाभर नीट झोपलो नाही. इकडे बाप, तिकडे ही पोर. पोर म्हणतो, ती पन्नाशीला आली आहे.

मग ऑगस्टमध्ये ड्वेन आला. आम्ही तिघं बंदरावर गेलो. भिंतीजवळच्या बाकावर नॅनी राजे बसली होती. नॅनी राज्यांकडे सून म्हणून आलेली, आता नव्वदीच्या पुढची. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण त्या बाकावरून तिने आख्खं गाव जन्मताना आणि मरताना बघितलंय. तिने पायांचा आवाज ऐकला आणि ड्वेनकडे तोंड केलं.

"कोण रे? कुणाचा तू?"

इथे सगळ्यांना हाच प्रश्न विचारतात. नाव कोणी विचारत नाही. ड्वेन खूश झाला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "मी पिटगार्वी, आजी! ऑन्टारिओचा."

"पिटगार्वी?" नॅनी म्हणाली. "बाबा, इथे दगड उचलला तरी खाली पिटगार्वी निघायचा. कुठला पिटगार्वी? आमच्या राज्यांतला? चिंबोऱ्यांचा? कुणाच्या घरातला?"

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी मिळून कितीतरी वर्षं कागद शोधले आहेत. त्याचे पणजोबा बोटीवर चढले तेव्हा कारकुनाला त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. टोपणनाव त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. तिथे पोचल्यावर त्याची गरजही राहिली नाही. तिकडे पिटगार्वी एकटेच होते. ते कोणत्या दारातून बाहेर पडले, हे आता जगात कुणालाच माहीत नाही.

"माहीत नाही, आजी," ड्वेन म्हणाला.

"असं होय," नॅनी म्हणाली. रागाने नाही. जवळच्या माणसाच्या मरणाची बातमी ऐकावी तशी म्हणाली. ड्वेनने टोपी काढून हातात घेतली. मला त्याची इतकी दया आली की मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जे आम्ही बोके सहसा करत नाही.

मग नॅनीने मान वळवली. दाइगा मागे हॅडकची पिशवी घेऊन उभी होती. "आणि ही कोण? कुणाची गं तू?"

दाइगाला हा प्रश्न नवा नव्हता. गेली पंधरा वर्षं ती 'लाटव्हियाची' असं उत्तर द्यायची आणि लोक 'बरं' म्हणून गप्प व्हायचे. त्या दिवशी तिला पिशवीतून पाणी गळत होतं त्याचीच काळजी होती. पिशवी दुसऱ्या हातात घेत, खाली बघत, सहज ती म्हणाली, "बोक्यांची."

तिला तसं म्हणायला मी शिकवलं नव्हतं. मासेवाला गाडीवरून 'बोकेबाई, हॅडक घ्या' असं ओरडतो, पोस्टमन 'बोक्यांकडे' म्हणून तिची पाकिटं टाकतो, हे मी ऐकलं होतं, पण कान दिला नव्हता. गावाने ते कधी ठरवलं, मला कळलंही नाही. मतं घेतली नाहीत, कागद मागितले नाहीत.

नॅनीने बाकावर सरकून जागा केली. "मग उभी का? बस की. बेथियाच्या दुखण्यात तूच होतीस ना? आमची आगाथा सांगत होती." आणि दोघी जणी हॅडक कुठल्या बोटीचा, हातात घट्ट लागतो की नाही, त्यावर बोलायला लागल्या. मी आणि ड्वेन पाण्याकडे बघत उभे राहिलो. आमच्या बंदरावर वारा फार. डोळ्यांतून पाणी येतं.

थोड्या वेळाने ड्वेनच म्हणाला, "काका, मला नाव मिळालं. घर तिचंच आहे." हे त्याने म्हटलं, मी नाही. ही त्याची मोठी गोष्ट आहे आणि ती मृत्युपत्रात नोंदलेली असावी.

वडिलांनी 'पिटगार्वी असू दे' म्हटलं होतं. पण त्याआधी त्यांनी 'आपलं माणूस असू दे' असं म्हटलं होतं, आणि मी इतकी वर्षं दुसरं वाक्य धरून बसलो होतो.

तेव्हा सीटाउनमधलं माझं घर, त्याची वरची खोली, खालची खोली, अंगण, धुराडं, गळणारं पन्हाळं आणि दारातला उंबरठ्याचा दगड, हे सगळं मी दाइगा झ्विर्बुले (बोका) हिच्या नावे करत आहे. पूर्णपणे, कायमचं, कोणतीही अट न घालता. तिने पिटगार्वी आडनाव लावायची गरज नाही. बेथियाने आयुष्यभर या घराचं दार उघडलं आणि लावलं ते मेअर म्हणून. घराचं काही बिघडलं नाही. या गावातून पिटगार्वी हे आडनाव माझ्याबरोबर संपेल. मला त्याचं वाईट वाटतं, खूप वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही. पण ते आधीही एकदा जागेवरून उठलेलं आहे. त्याला चालायची सवय आहे.

दाइगा, तुझ्यासाठी एवढंच. उन्हाळ्यात लांबून लोक येतील. पट्टेरी टोप्या घालून, पाटी वाचत, फोटो काढत. दार वाजवतील आणि म्हणतील, आम्ही पिटगार्वी. तू रीतीप्रमाणे विचार, कुणाचे तुम्ही? त्यांना उत्तर येणार नाही. तरी त्यांना आत घे, आणि सूप वाढ.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी खोडलं ते माझंच. शुद्धीवर असताना, चहा संपवून, साक्षीदारासमोर सही केली.

सही: गिल्बर्ट पिटगार्वी (बोका)

साक्षीदार: मुरिएल फॉर्डाइस, वकील, राहणार बॅन्फ. सही करणाऱ्याने माझ्यासमोर प्रत्येक पानावर सही केली. दाइगा झ्विर्बुले त्या वेळी घरात नव्हती. ती कबरस्तानात एका दगडाचं काम करत होती.

ठिकाण: व्हिनीहेवन
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९